पलटण, कंपनी आणि पेठ

पुणे-लोणावळा लोकलने रोज जाणाऱ्यांनाही बेगडेवाडी स्टेशन नीट आठवत नाही. देहूरोड गेलं की एक छोटं स्टेशन येतं, चार माणसं उतरतात, गाडी हलते आणि घोरावाडी येतं. ही लोकल १९७८ पासून धावते आहे, आणि त्यातली बरीच वर्षं बेगडेवाडीची ख्याती एवढीच होती. मग २०१२ साली शेजारच्या गहुंज्यात महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम उभं राहिलं आणि ‘जवळचं स्टेशन कोणतं?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून आमचं नाव पेपरात यायला लागलं. २०२३ च्या विश्वचषकातले पाच सामने इथे झाले. मॅचच्या दिवशी हायवेपर्यंत गाड्यांची रांग लागते.

मी राहतो इथेच. पण शनिवारी मोकळा असलो की पुण्याकडची लोकल पकडतो आणि कुठे तरी फुटबॉल बघायला जातो. तेही टीव्हीवर कधीच न दिसणारं. ऑफिसात हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, “तू खेळतोस का?” नाही. “कोणी ओळखीचं खेळतं?” नाही. “मग?” ...तर हा लेख त्या ‘मग?’चं उत्तर आहे.

इंग्लंडात या छंदाला नाव आहे, ग्राउंडहॉपिंग. तिथल्या वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब आहेत. त्या सगळ्यांची मैदानं पाहून झालेल्यांची एक वेगळी बिरादरीच आहे. पण खरे दर्दी त्याच्याही खाली उतरतात. पाचव्या पायरीपासून पुढच्या सगळ्या फुटबॉलला तिकडे ‘नॉन-लीग’ म्हणतात. गावाचं मैदान, एका बाजूला चार पायऱ्या, चहाची टपरी आणि दोन-तीनशे माणसं. दर शनिवारी नवं गाव, नवं मैदान.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मावळात आणि एकूणच घाटावर चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रेत कुस्त्यांचा आखाडा असतो. कुठल्या गावची यात्रा कोणत्या तिथीला, कुठे मानाची कुस्ती किती इनामावर लागते, हे तोंडपाठ असलेले शौकीन आजही आहेत. दुपारी नारळावरच्या, रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून ते बसतात आणि शेवटची कुस्ती बघूनच उठतात. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. पैलवान ओळखीचा असलाच पाहिजे असं काही नाही. हेही ग्राउंडहॉपिंगच की!

आता मुद्द्याचा प्रश्न. इंग्लंडातल्या शौकिनाला शंभर-सव्वाशे वर्षं जुने क्लब बघायला मिळतात. आपल्याकडे तसे क्लब किती उरले? महाराष्ट्रातल्या फुटबॉलचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मला त्याचे सरळ तीन भाग दिसले: पलटणीचा संघ, कंपनीचा संघ आणि पेठेचा संघ.

पहिली पलटण. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. जगातल्या जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी ही एक. पहिली ट्रॉफी वूस्टरशायर रेजिमेंटने नेली आणि पुढची चाळीसेक वर्षं हेच चाललं. गोऱ्या पलटणी यायच्या, खेळायच्या, जिंकायच्या. १९२३ साली मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत गेला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्यांना हरवलं. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सनी कप जिंकला तेव्हा कुठे हा कप पहिल्यांदा भारतीय संघाच्या हातात आला. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा तो जिंकला. पण पलटणीच्या संघाचा स्वभावच असा की पलटणीची बदली झाली की संघही जातो. १९४७ नंतर गोऱ्या पलटणी बोटीत बसल्या आणि त्यांचे संघही गेले. त्यांच्यासाठी रडणारं मुंबईत कोणी नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. पुढे खुद्द रोव्हर्स कपच २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडला. एकशेदहा वर्षं चाललेली स्पर्धा! तीही एखादं जुनं दुकान बंद व्हावं तशी गेली.

दुसरी कंपनी. पलटणींची जागा मुंबईत गिरण्या आणि कारखान्यांनी घेतली. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्रा... खेळाडूला नोकरी द्यायची, हजेरी लावून प्रॅक्टिसला सोडायचं आणि तो कंपनीच्या नावाने खेळायचा. ही व्यवस्था वाईट नव्हती, अनेक घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या. पण कंपनीच्या दृष्टीने संघ हा ताळेबंदातला खर्चाचा एक रकाना. महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगचा विजेता होता आणि २०१० साली तो बंद झाला. चांगलं खेळूनही!

पुण्याने तर हा धडा अगदी लहान अक्षरांत, घाईघाईने गिरवला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं. २००७ मध्ये पुणे एफसी स्थापन झाला, २००९-१० पासून आय-लीग खेळला, पहिल्याच हंगामात तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये दुसरा. २०१५ मध्ये त्याने गाशा गुंडाळला. भारत एफसी २०१४-१५ चा एक हंगाम खेळला आणि संपला. डीएसके शिवाजियन्स २०१५ मध्ये आय-लीगमध्ये आला आणि २०१७ मध्ये बाहेर पडला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर जन्मला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादला गेली. त्या नव्या हैदराबाद एफसीने २०२१-२२ चं विजेतेपद मिळवलं, आणि २०२५ मध्ये तोही उठून दिल्लीला गेला!

आमच्या धंद्यात सर्व्हर किती काळ बंद न पडता चालला याची नोंद ठेवतात. पुण्याच्या फुटबॉलची तशी नोंद काढली तर २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत देशपातळीवरचे चार क्लब बंद पडलेले दिसतात. एका शहरातले चार.

यात कोणी खलनायक आहे असं मला वाटत नाही. खर्च मोठा, तिकिटाचं उत्पन्न थोडं, टीव्हीचा पैसा तुटपुंजा. मालकाने कधी ना कधी हिशोब केला तर त्याला दोष कसा देणार? पण प्रेक्षकाचं काय? ‘ऑरेंज आर्मी’ म्हणून जी पोरं नारिंगी टी-शर्ट घालून, घसा बसेपर्यंत ओरडत बालेवाडीत उभी असायची, त्यांनी २०१९ नंतर ते टी-शर्ट कुठे घालायचे? संघ हरला तर पुढच्या वर्षी जिंकेल अशी आशा असते. संघच गेला तर आशा कशावर लावायची? आणि अकादमीतल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांना आपला वरचा संघ आता नाही हे कोणी, कसं सांगितलं असेल?

आता तिसरी गोष्ट, पेठेची. त्यासाठी रात्री पुण्याहून महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि सकाळी कोल्हापूरला उतरायचं.

शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान बांधलं, तालमींना बळ दिलं हे आपण शाळेत शिकतो. तालीम म्हणजे काही फक्त लाल मातीचा हौद नव्हे. तालीम म्हणजे त्या गल्लीचा कट्टा, गणपती, मोहरम, भांडणाचा निवाडा, सगळंच. पुढे संस्थानकाळातच फुटबॉल कोल्हापुरात रुजला तेव्हा त्याला वेगळा क्लब काढावाच लागला नाही. तालीम होतीच! म्हणून तिथल्या संघांची नावं आजही अशी आहेत: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. जगात इतरत्र कुस्तीच्या आखाड्यांनी फुटबॉलचे संघ चालवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये वरिष्ठ गटात सोळा संघ असतात, आणि लीग संपली की एकामागून एक चषक स्पर्धा लागतात. सामने होतात शाहू स्टेडियमवर. शिवाजी तरुण विरुद्ध पाटाकडील असा सामना असला की तो अकरा विरुद्ध अकरा राहत नाही, शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ होतो. लोक तिकीट काढून येतात. मागे एकदा माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा बसले होते. मी विचारलं, “आजोबा, तुम्ही कुणाकडनं?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना आडनाव विचारलंय. “आमी मंगळवारातलं,” एवढंच म्हणाले. संघाचं नाव सांगायची त्यांना गरजच वाटली नाही.

कोल्हापूर म्हणजे स्वर्ग आहे असं मात्र समजू नका. पेठेचा अभिमान डोक्यात गेला की दगड उचलले जातात. हुल्लडबाजीमुळे तिथे सामने, स्पर्धा थांबवायची वेळ अनेकदा आली आहे. चषकांना राजकारण्यांची नावं लागतात, परदेशी खेळाडू आणले जातात, पैशाची चढाओढ लागते. आणि इतकं वेड असूनही गुणी पोराला वर जायचं तर गाव सोडावंच लागतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, पण घडला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. पेठ संघ जिवंत ठेवते, त्याला मोठं करेलच असं नाही.

तरीही फरक बघा. पाटाकडील तालीम उद्या हैदराबादला हलवता येईल का? तिचा मालक कोण? विकत घ्यायची तर कोणाकडून? सलग दहा वर्षं हरली तरी ती बंद करायचा ठराव कोण मांडणार? ज्याला मालक नाही त्याला बंद करणाराही नाही. हिशोबाच्या भाषेत हा संघ कायम तोट्यातच आहे, आणि तरी तो आहे.

ही फक्त कोल्हापूरची कथा नाही. लंडनचा विम्बल्डन एफसी १८८९ सालचा. १९७७ पर्यंत तो नॉन-लीगमध्येच खेळायचा, आणि १९८८ मध्ये त्याने लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप जिंकला. मे २००२ मध्ये त्याच्या मालकांना क्लब नव्वदेक किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स शहरात न्यायची परवानगी मिळाली. प्रेक्षकांनी काय करावं? काही आठवड्यांत त्यांनी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, भर मैदानात निवड चाचणी ठेवून खेळाडू गोळा केले आणि नवव्या पायरीपासून सुरुवात केली. २०११ मध्ये तो क्लब चढत चढत चौथ्या पायरीवर पोहोचला, २०२० मध्ये प्लाउ लेनवर, आपल्या जुन्या वस्तीत, परतला. मालक क्लब घेऊन गेला, पण माणसं तिथेच होती.

पुण्यात कोणी तसं केलं नाही, कारण बालेवाडीच्या संघांना वस्ती नव्हतीच. संकुल हायवेजवळ, आम्ही प्रेक्षक चारी दिशांनी येणार, सामना संपला की आपापल्या गाड्या काढून पांगणार. पण पुण्यात पेठेच्या जातीचे संघ नाहीत असंही नाही. डेक्कन इलेव्हन, परशुरामियन्स, खडकी ब्लूज... जिल्हा लीगमधली ही नावं बघा. त्यांत कुठे वस्ती आहे, कुठे शाळा आहे, कंपनी मात्र नाही. बालेवाडीतले चारही पाहुणे येऊन गेले, हे आपले खेळताहेत. बघायला माणसं किती? बरेचदा दोन्ही बाकांवरचे राखीव खेळाडू धरून पन्नास. :)

म्हणूनच मी जातो. २०२५ च्या जुलैमध्ये हक्कांच्या करारावरून खुद्द इंडियन सुपर लीगचा हंगामच अडकून पडला, तेव्हा सगळीकडे ‘भारतीय फुटबॉल संपला’ असे लेख आले. वरचा मजला डगमगत होता हे खरं. पण तळमजल्यावरच्या या संघांचं नाव त्या लेखांमध्ये मला कुठे दिसलं नाही. तळमजल्याला खरा धोका वेगळाच आहे: मैदानांचा. मोकळी मैदानं कमी होताहेत, आणि तासावर भाड्याने मिळणाऱ्या जाळीतल्या टर्फवर आठ-दहा मित्र खेळू शकतात, पण तिथे बाजूला उभं राहून ओरडणाऱ्या वस्तीला जागाच नसते. मैदान गेलं की बघे जातात, आणि बघे गेले की पेठेचा संघही पुढे कंपनीच्या संघासारखाच पोरका होतो.

असो. फार तत्त्वज्ञान झालं. कोणाला यायचं असेल तर लीगचे सामने बघायला फार काही लागत नाही. टोपी, पाण्याची बाटली आणि दीड-दोन तास. कोणत्या बाजूने ओरडायचं ते आधी ठरवून यायची गरज नाही, पहिल्या दहा मिनिटांत आपोआप ठरतं. गोल झाला की मागून कुणी तरी पोराला त्याच्या घरच्या नावाने हाक मारतं, तेवढं ऐकलं तरी पुरे.