वाढवक्र (संकरित मेंढीचा)

कोकराचे वजन वयानुसार कसे वाढते आणि कुठे थांबते, हे सांगणारी रेषा व तिचे गणिती सूत्र. प्रचलित सूत्रांपैकी गॉम्पर्ट्झचे (१८२५) मुळात माणसांच्या मृत्युमानासाठी मांडलेले. जनावरांच्या वाढीला ते नंतर लावले गेले. ब्रॉडीचे सूत्र १९४५ सालचे, रिचर्ड्सचे १९५९ चे. सूत्र कोणतेही घेतले तरी हाती मुख्यतः दोन आकडे लागतात : मेंढीचे पूर्ण वाढीचे वजन आणि त्या वजनाकडे जाण्याचा वेग. हे दोन बहुधा एकमेकांच्या उलट जातात. थोराड मेंढी उशिरा पक्व होते, लहानखुरी लवकर. वाढीचा जोर ओसरू लागण्याची जागा मात्र सूत्रागणिक बदलते : गॉम्पर्ट्झच्या वक्रात ती पूर्ण वजनाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येते, लॉजिस्टिक या आणखी एका सूत्रात बरोबर निम्म्यावर, आणि ब्रॉडीच्या वक्रात अशी जागाच नसते.

महाराष्ट्रात हा विषय फलटणला प्रत्यक्ष भेटतो. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना १९६८) सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला. त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होते. गरोळला जुळी-तिळी होतात, पण तिचे अंगमान फारच लहान, त्यामुळे पहिल्या संकरातली मेंढीही लहान राहते. मात्र जुळ्यांचा गुण मुख्यतः एकाच जनुकावर (फेक-बी) अवलंबून आहे, तर अंगमान असंख्य जनुकांवर. म्हणून संकरित मेंढी पुन्हा पुन्हा दख्खनीकडे परतवली की पिढीगणिक वजन सावरते आणि जुळ्यांचा गुणही राखता येतो. या जनुकातील बदल २००१ मध्ये ओळखला गेला. त्यानंतर तो कोणत्या कोकरात आहे हे डीएनए तपासणीने जन्मतःच कळू लागले.

चराऊ रानावर हा वक्र गुळगुळीत निघत नाही. पावसाळ्यानंतर वजन चढते. उन्हाळ्यात चारा आटला की थांबते, कधी उतरतेही. अशा नोंदींवरून काढलेले ‘पूर्ण वजन’ जातीइतकेच रानाचेही असते. एका ठिकाणचा आकडा दुसरीकडे जसाच्या तसा लावणे चूक. काट्यावरही फसगत होते. चरून आलेल्या मेंढीचे पोट तट्ट असते, म्हणून वाड्यातून सोडण्यापूर्वी सकाळी वजन घ्यावे. गाभण मेंढीची आणि लोकर कातरण्याआधीची वजने वेगळी मांडावीत.

पश्चिम घाटाच्या पलीकडे चित्र निराळे. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात पाऊस मुसळधार, आणि दख्खनी मेंढी कोरड्या हवेची. ओल्या जमिनीत तिचे खूर सडतात. देशावरचे धनगर भातकापणीनंतर कोकणात उतरतात, रिकाम्या खाचरांत खतासाठी कळप बसवतात आणि पावसाआधी घाट चढतात. अशा फिरत्या कळपाचा वाढवक्र काढायचा तर वयाबरोबर मुक्कामही नोंदवायला हवा.

धनगराचा हिशेब या वक्राच्या पहिल्याच टप्प्यात संपतो : नर कोकरे बहुधा तीन-चार महिन्यांची असतानाच विकली जातात. पूर्ण वजनाचा भार मात्र कळपात राहणाऱ्या मेंढीच्या पोटाला वर्षभर लागतो. थोराड नर निवडत गेल्यास मेंढ्याही थोराड होतात आणि तेवढ्याच रानावर कमी पोसतात. जुळ्यांतले प्रत्येक कोकरू एकट्यापेक्षा हलके भरते, पण दूध पुरले आणि दोन्ही जगली तर दोघांचे मिळून वजन जास्त होते.