रक्षक आणि घातक : रक्तातील बिंबाणू

चिकोडी-निपाणीकडच्या शिवारात तंबाखू कापताना विळा लागला, तर थोड्याच वेळात रक्त थांबते. ते थांबविण्यास प्रथम धावतात ते बिंबाणू, म्हणजेच प्लेटलेट. १८८२ साली तुरिनच्या जुलिओ बिझोझेरो यांनी जिवंत प्राण्याच्या रक्तवाहिनीत त्यांचे कार्य पाहिले. वाहिनीच्या भिंतीस इजा होताच हे कण तेथे चिकटतात, एकमेकांस धरतात व गुठळी बांधतात. हीच गुठळी हृदयाच्या मेद साचलेल्या धमनीत झाली, की रक्ताची वाट बंद होते. रक्षकच घातक ठरतो.

यावर उपाय सापडण्यास मात्र शतक लोटले. टॉन्सिल काढल्यावर ॲस्पिरिन चघळणाऱ्यांना रक्तस्राव अधिक होतो, हे पाहून कॅलिफोर्नियाचे डॉ. लॉरेन्स क्रेव्हन यांनी १९५० साली ते हृदयविकारावर सुचविले. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९७१ साली जॉन व्हेन यांनी या औषधाची क्रिया उलगडली. १९८८ साली १७ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत, झटक्यानंतर लगेच दिलेल्या ॲस्पिरिनने मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. अर्थात वैद्याच्या सल्ल्यावाचून ते घेणे धोक्याचे.

निपाणीच्या विडी-तंबाखूवर या भागातले असंख्य संसार उभे राहिले. त्याच्या भावासाठी १९८१ साली शेतकरी रस्त्यावर उतरले. पण त्याच तंबाखूचा धूर धमनीचे अस्तर दुखावतो आणि बिंबाणूंना अधिक चिकट करतो. बाजारभावाबरोबर हाही हिशेब आपण मांडावयास हवा.