महदंबेचे धवळे आणि रिद्धपूरचे श्रोते

श्रोतेहो, एखाद्या गायकमंडळीची नवी ध्वनिमुद्रिका बाजारांत आली म्हणजे तिच्या चाहत्यांत दोन तट पडतात, हा अनुभव आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. एक तट म्हणतो, ‘हें आमचें जुनें गाणें नव्हे’. दुसरा म्हणतो, ‘जुनेंच पुन्हा गाण्यांत काय स्वारस्य?’ नव्या कृतीचा न्याय कोणीं करावा व कोणत्या कसोटीवर करावा, हा वाद आजकालचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. वऱ्हाडांतील एका लहानशा गांवीं तो सातशें वर्षांपूर्वीं झालेला आहे, आणि त्याच्या निकालावर मराठी भाषेचें पुष्कळसें भवितव्य अवलंबून होतें. तें गांव म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांतील रिद्धपूर. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें हृदय बनलें. चक्रधरस्वामींचे गुरु गोविंदप्रभु, ज्यांस लोक गुंडम राऊळ म्हणत, ते येथेंच राहत. शिष्टाचाराचीं बंधनें न मानणारा, मुलांत मूल होऊन खेळणारा, कोणाच्याही घरांत मोकळेपणानें शिरणारा आणि अस्पृश्यांच्या वस्तींतही संचार करणारा असा हा अवलिया पुरुष होता. चक्रधरांच्या उत्तरापंथगमनानंतर नागदेवाचार्यांसह त्यांचे अनुयायी या वृद्ध प्रभूच्या सेवेस येऊन राहिले. पोरक्या झालेल्या या भक्तसमुदायास आपल्या दैवताचें स्मरण हाच एक आधार होता. त्या स्मरणांतूनच मराठी गद्याचा आद्य ग्रंथ जन्मास आला. चक्रधरांस ज्यांनीं पाहिलें व ऐकलें होतें, त्यांस गांठून म्हाइंभटानें एकेक आठवण टिपली, आणि रिद्धपूर येथें ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें.

या समुदायांत महदाइसा अथवा महदंबा नांवाची एक विधवा होती. नात्यानें ती नागदेवाचार्यांची चुलत बहीण. स्वामींस प्रश्नावर प्रश्न विचारून धर्माचें मर्म समजून घेणारी जिज्ञासु स्त्री म्हणून तिची ख्याति होती. इ. स. १२८६ च्या सुमारास असा प्रसंग आला कीं, वृद्ध गोविंदप्रभूंच्या मनानें विवाहाचा छंद घेतला. भक्तांनीं प्रभूंची इच्छा प्रमाण मानून सोहळा मांडला. विवाह म्हटला कीं गाणीं आलींच. आणि तीं म्हणण्याची आज्ञा महदंबेस झाली. परंपरा सांगते कीं, तिनें तीं गीतें त्याच वेळीं, उत्स्फूर्तपणें रचून म्हटलीं. तेच हे प्रसिद्ध ‘धवळे’.

धवळा म्हणजे वराला उद्देशून म्हणावयाचें मंगलगीत. गुजरातेंत याच कुळांतील गीतांस ‘धोळ’ म्हणतात. हा प्रकार पंडितांच्या सभेंतील नव्हे. तो मांडवांतील, हळदीच्या अंगणांतील, स्त्रियांच्या कंठांतील होय. महदंबेनें या घरगुती सांच्यांत कथा ओतली ती रुक्मिणीस्वयंवराची. ही निवड किती समर्पक होती, हें वऱ्हाडच्या माणसास सांगावयास नको. भीमक राजाची राजधानी जें कौंडिण्यपूर, तें आजच्या अमरावती जिल्ह्यांतच वर्धेच्या तीरीं दाखविलें जातें. आणि श्रीकृष्णानें रुक्मिणीचें हरण केलें तें अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळांतून, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणजे रिद्धपूरच्या श्रोत्यांस ही कथा दूरच्या द्वारकेची नव्हती. ती त्यांच्याच माहेरच्या लेकीची होती.

या गीतांचें स्वागत कसें झालें? याचें उत्तर त्यांच्या पुढील वाढींतच आहे. लग्नाच्या दिवशीं म्हटलेलीं गाणीं लग्नाबरोबरच संपावयाचीं. परंतु हीं संपलीं नाहींत. पंथांतील मंडळींनीं तीं सांभाळलीं, आणि कथेचा राहिलेला भाग पुरा करण्याविषयीं महदंबेस आग्रह केला. म्हणून धवळ्यांचे दोन भाग झाले. पूर्वार्धांत ८३ व उत्तरार्धांत ६५ मिळून १४८ धवळे आज गणले जातात. श्रोत्यांनीं ‘पुढें काय?’ असें विचारावें आणि कवीस पुन्हा गावयास बसवावें, याहून मोठी पावती कोणती? याच विषयावर तिनें पुढें ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ही रचलें. त्यांतील रचना वर्णमालेच्या क्रमानें चालते. अक्षरांच्या ओळीनें कथा पाठ होते, ही त्यांतील सोय. आणि ही सोय ऐकून पाठ करणाऱ्या श्रोत्यांची आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

हे श्रोते कोण होते, हें ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथांतील एका आठवणीवरून कळतें. केशिराजबास हे संस्कृतांत प्रवीण. त्यांची लेखणी स्वभावतः संस्कृताकडे धांव घेई. नागदेवाचार्यांनीं त्यांस थोपविलें, आणि कारण दिलें तें असें कीं, संस्कृतांत लिहिल्यास आपल्या पंथांतील म्हाताऱ्या बायका त्या लाभास मुकतील. श्रोतेहो, या एका कारणाचें महत्त्व केवढें आहे, याचा विचार करावा. ज्या काळीं विद्वत्तेची पावती फक्त संस्कृत ग्रंथास मिळे, त्या काळीं एका आचार्यानें पंडितांची वाहवा बाजूस सारून निरक्षर वृद्धांचें हित प्रमाण मानलें. ‘ज्ञानेश्वरी’ इ. स. १२९० ची, तिच्याच आसपास रिद्धपुरांत मराठीचा हा कैवार घेतला गेला.

परंतु सर्वच नव्या कृतींचें स्वागत असें एकमुखी झालें नाहीं. भास्करभट्ट बोरीकर हा पंथांतील मोठा पंडित कवि. त्यानें ‘शिशुपाळवध’ हें रसाळ ओवीबद्ध काव्य रचलें. रुक्मिणीचा जो नाकारलेला वर, त्याच्या वधाची ही कथा. पण कवीचें मन रमलें तें श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांच्या शृंगारांत. काव्य ऐकून गुरुबंधूनें अभिप्राय दिला तो असा कीं, ग्रंथ उत्तम झाला आहे खरा, पण तो विरक्तांच्या उपयोगाचा नाहीं, संसारांतील रसिकांच्या उपयोगाचा आहे. स्तुति आणि निषेध एकाच श्वासांत! भास्करभट्टानें त्यावर वाद घातला नाहीं. त्यानें भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ हा शांतरसप्रधान ग्रंथ लिहिला. टीकेनें एक कवि गप्प बसण्याऐवजीं मराठीस दुसरा ग्रंथ मिळाला, हें आपलें भाग्य. तथापि पंथानें पहिला ग्रंथही टाकला नाहीं. मान्य अशा सात ग्रंथांत, म्हणजे ‘साती ग्रंथां’त, ‘शिशुपाळवध’ आणि ‘उद्धवगीता’ या दोहोंसही स्थान मिळालें.

तिसरी गोष्ट नरेंद्र कवीची. यादव राजा रामदेवराव याच्या दरबारीं त्यानें इ. स. १२९२ च्या सुमारास ‘रुक्मिणीस्वयंवर’ वाचलें. परंपरा सांगते कीं, राजा त्या काव्यावर इतका लुब्ध झाला कीं, ओवीगणिक सुवर्णनाणें घेऊन त्यावर आपल्या नांवाची मुद्रा घालूं द्यावी, अशी त्यानें मागणी केली. नरेंद्रानें नकार दिला. ग्रंथ राजापाशींच राहिला. जेवढ्या ओव्या ध्यानांत राहिल्या तेवढ्या घेऊन कवि पंथांत आला. आज या काव्याच्या नऊशेंच्या आसपास ओव्या उपलब्ध आहेत. कथेंतील तपशील कोणास खरा वाटो वा न वाटो. काव्यावर नांव कोणाचें असावें, विकत घेणाऱ्याचें कीं रचणाऱ्याचें, याविषयींचा पंथाचा निर्णय तिच्यांत स्पष्ट आहे.

आतां एक गोष्ट आपल्या ध्यानीं आली असेल. नरेंद्राचें ‘रुक्मिणीस्वयंवर’ साती ग्रंथांत आहे. त्याच विषयावर त्याच्या आधीं रचलेले महदंबेचे धवळे मात्र त्या मालिकेंत नाहींत. पंडितांच्या मापानें मोजलेली मालिका ओवीबद्ध प्रबंधांची होती, आणि स्त्रीच्या कंठांतील लग्नगीत त्या मापांत बसत नव्हतें, असा याचा अर्थ मला दिसतो. तरीही धवळे जगले. मालिकेचा मान न मिळतां केवळ श्रोत्यांच्या प्रेमावर जगलेली कृति म्हणून त्यांची योग्यता मी कमी मानीत नाहीं. उलट अधिक मानतों.

पुढें मात्र या सर्वच वाङ्मयावर एक विचित्र आपत्ति आली. खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ पोथ्या नष्ट झाल्या; जें राहिलें तें स्मरणांतून पुन्हा लिहावें लागलें. चौदाव्या शतकापासून पंथानें आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. ज्या ग्रंथांसाठीं म्हाताऱ्यांची भाषा आग्रहानें स्वीकारली होती, तेच ग्रंथ पंथाबाहेरच्या मराठी माणसास कित्येक शतकें वाचतां येईनात. पोथ्या यामुळें वांचल्या हें खरें. पण बाहेर पंथाविषयीं गैरसमज वाढले, आणि मराठीस आपल्या पहिल्या कवयित्रीचें नांव विसरावें लागलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं महंतांनीं विश्वासानें किल्ल्या दिल्या, तेव्हां हें कुलूप निघालें. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांच्या परिश्रमानें हें भांडार महाराष्ट्रासमोर आलें. देशपांड्यांचें ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ सालीं प्रसिद्ध झालें. महदंबेस आद्य मराठी कवयित्रीचा मान मिळाला तो या दुसऱ्या श्रोतृवर्गाकडून.

रिद्धपूरचे हे श्रोते आपणांस काय शिकवितात? त्यांनीं नवी कृति पारखली, तिला नांवें ठेवलीं, कवीस पुन्हा लिहावयास लावलें. पण नावडली म्हणून ती फेंकली नाहीं, आणि आवडली म्हणून ती राजास विकूं दिली नाहीं. सर्वांत मोठें म्हणजे, ‘हें कोणास कळावें?’ हा प्रश्न त्यांनीं ‘हें किती विद्वत्तापूर्ण आहे?’ या प्रश्नाच्या आधीं ठेवला. २०२४ सालीं रिद्धपुरांत मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें, आणि त्याच वर्षीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या विद्यापीठांत ताम्रपट अभ्यासले जातील, पोथ्या तपासल्या जातील, हें योग्यच होईल. परंतु धवळे हीं मुळांत गाणीं आहेत. तीं पुन्हा कोणाच्या तरी कंठांतून ऐकूं यावींत, आणि ऐकणाऱ्यांत नागदेवाचार्यांच्या त्या म्हाताऱ्यांस पुढची जागा असावी, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.