मोतीबिंदू ‘पिकण्या’ची प्रतीक्षा : एका जुन्या समजुतीचा इतिहास

“अजून पिकलेला नाही, पिकला की काढू.” घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या मोतीबिंदूविषयी हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेले आहे. जणू मोतीबिंदू म्हणजे आढीत घातलेला आंबाच! आजचे नेत्रतज्ज्ञ ही समजूत चुकीची ठरवितात. परंतु ती अज्ञानातून जन्मलेली नाही. शेकडो वर्षे हाच वैद्यकाचा योग्य सल्ला होता. तो तसा का होता आणि आता का राहिला नाही, हे थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम मोतीबिंदू म्हणजे काय ते पाहू. डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक नैसर्गिक भिंग असते. ते बाहेरचा प्रकाश आतील दृष्टिपटलावर एकवटते. वयोमानाने या भिंगातील प्रथिने गोठू लागतात आणि भिंग पिवळट, धूसर होत जाते. पातळ तूप थंडीत गोठून पांढुरके होते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की तूप पुन्हा वितळते, भिंग वितळत नाही. म्हणूनच मोतीबिंदू नाहीसा करणारे थेंब वा औषध आजही उपलब्ध नाही. मधुमेह, डोळ्याला झालेली इजा, स्टिरॉइड औषधांचा दीर्घ वापर आणि धूम्रपान यांमुळे तो लवकर येऊ शकतो. आमच्या कापडाच्या व्यवसायात त्याचा प्रत्यय नेहमी येतो. वयस्कर ग्राहक गर्द निळी किनार काळी समजतात, पांढऱ्याशुभ्र कापडाला मळकट म्हणतात. दोष कापडात नसतो, पाहणाऱ्याच्या भिंगात असतो.

या विकारावरील शस्त्रक्रियेचे फार जुने वर्णन आपल्याच देशात, सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आढळते. जवाच्या दाण्यासारखे टोक असलेली शलाका डोळ्यात घालून बाहुलीआडचा अडथळा बाजूस सारावयाचा, नंतर तुपात भिजविलेल्या कापसाने डोळा बांधावयाचा, आणि रुग्णाने काही दिवस उताणे निजून शिंक, खोकला, ढेकर आवरावयाची, असा तो विधी होता. या पद्धतीत भिंग बाहेर निघत नसे. ते डोळ्यातच मागे लोटले जाई. मऊ भिंग शलाकेने फुटे, कठीण झालेले मात्र अखंड सरके. ‘पिकण्या’ची वाट पाहण्यामागील पहिले कारण हे होय. अशा उपचाराने तात्काळ उजेड दिसे. परंतु दाह होऊन किंवा दाब वाढून अनेक डोळे पुढे कायमचे जात.

गढूळ होते ते भिंगच, हे फ्रेंच वैद्य ब्रिसो यांनी १७०५ साली शवविच्छेदन करून दाखविले. १७४७ मध्ये फ्रान्सच्याच झाक दाव्हिएल यांनी डोळ्याला छेद देऊन भिंग बाहेर काढले. त्या काळी बधिर करण्याचे साधन नव्हते. ते १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांच्या कोकेनच्या थेंबांनी मिळाले. भिंग बाहेर काढतानाही ते कच्चे असल्यास त्याचा मऊ भाग आत राहून दाह होई. म्हणून प्रतीक्षा कायम राहिली.

विसाव्या शतकात आवरणासह संपूर्ण भिंग काढण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या पिढीने पाहिलेल्या नेत्रशिबिरांत बहुधा हीच शस्त्रक्रिया होई. मोठा छेद, टाके, डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या आणि पुढे आयुष्यभर बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा. त्या चष्म्यातून वस्तू सुमारे चतुर्थांशाने मोठ्या दिसत, जिना उतरताना पाय चुके. एका डोळ्याने बरे दिसत असेल, तर दोन्ही डोळ्यांतील प्रतिमांचा मेळ बसत नसे. म्हणून दोन्ही डोळे अधू होईपर्यंत थांबणे, हा त्या वेळचा व्यवहार्य मार्ग होता.

हे चित्र पालटले ते लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांच्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पर्स्पेक्स प्लास्टिकचे कण शिरले होते. डोळा ते निमूटपणे सहन करतो, असे रिडली यांनी पाहिले. त्याच द्रव्याचे भिंग त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी एका रुग्णाच्या डोळ्यात बसविले. समव्यावसायिकांनी त्यांना दीर्घकाळ विरोध केला. ‘सर’ हा किताब त्यांना २००० साली, उतारवयात मिळाला. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेचे डॉ. चार्ल्स केलमन यांनी दात साफ करण्याच्या श्राव्यातीत ध्वनियंत्रावरून स्फूर्ती घेऊन, लहानशा छेदातून भिंगाचा भुगा करून शोषून घेण्याची ‘फेको’ पद्धत काढली.

भारतापुढील प्रश्न मात्र खर्चाचा होता. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी मदुराईस डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी अवघ्या ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय आरंभिले. ऐपतदारांच्या शुल्कातून गरिबांवर मोफत उपचार, असा त्यांचा जमाखर्च आपणा व्यापाऱ्यांनाही विचार करावयास लावणारा आहे. १९९२ पासून त्यांच्या ऑरोलॅब संस्थेने भिंगे देशातच बनवून परदेशी भिंगाच्या तुलनेत अल्प किमतीस उपलब्ध केली. आपल्या महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांनी सर ज. जी. रुग्णालयातून आणि आनंदवनासारख्या ठिकाणच्या शिबिरांतून हजारो गरिबांपर्यंत ही शस्त्रक्रिया नेली. २००८ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आज गणित नेमके उलटे झाले आहे. भिंग जितके कठीण, तितकी ते फोडण्यास ध्वनिशक्ती अधिक लागते आणि बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या नाजूक पेशींना धोका वाढतो. अतिपक्व मोतीबिंदू फुगून वा झिरपून डोळ्याचा दाब वाढवितो; त्यातून काचबिंदूसारखे कायमचे नुकसान होऊ शकते. कठीण मोतीबिंदूसाठी बिनटाक्याची, लहान छेदाची दुसरी पद्धत आहे. पण मुद्दाम ती वेळ का आणावी? अर्थात, खूण दिसताच धावण्याचेही कारण नाही. वाचन, स्वयंपाक, रस्ता ओलांडणे अशा नित्याच्या गोष्टी अडू लागल्या, की नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया करावी, हा आजचा निकष आहे. तपासणीत दृष्टिपटलही पाहून घ्यावे. कारण दोष तेथे असल्यास नुसते भिंग बदलून भागत नाही.

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील व्यक्तींच्या अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व उपचार न झालेल्या मोतीबिंदूमुळे होते. अर्ध्या तासाच्या आत होणारा उपचार आहे, भिंग स्वस्त आहे, शिबिरे आहेत; आणि तरीही एखादी आजी दाराशी कोण आले हे आवाजावरून ओळखत बसलेली असते. कित्येकदा तिला अडवून धरणारी गोष्ट गरिबी नसते, कालबाह्य झालेला एक सल्ला असतो. सुज्ञ वाचकांनी आपल्या घरी आणि शेजारी एवढी चौकशी अवश्य करावी, की कोणी ‘पिकण्या’ची वाट पाहत तर थांबलेले नाही ना?