व्लादिमीर टिआरा
व्लादिमीर टिआरा : रशियाच्या रोमानोव्ह राजघराण्यातून ब्रिटिश राजघराण्याकडे आलेले रत्नजडित शिरोभूषण. ग्रीक-रोमन स्त्रियांच्या सुवर्णपट्ट्यांवरून घडवलेल्या टिआरांची नेपोलियनच्या दरबारात चलती झाली आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातील सर्व राजघराण्यांत त्यांचा प्रसार झाला. विवाहित स्त्रियांनी ते सायंकाळच्या समारंभांत घालावेत, असा संकेत होता.

रोमानोव्ह घराण्यातील ग्रँड ड्यूक व्लादिमीर यांच्या पत्नी ग्रँड डचेस मारिया पाव्हलोव्हना यांच्यासाठी सेंट पीटर्सबर्गच्या बोलिन या जवाहिऱ्यांनी १८७४ च्या सुमारास हा टिआरा घडवला. एकमेकांत गुंफलेली हिऱ्यांची १५ वर्तुळे आणि प्रत्येकात लोंबणारा टपोरा मोती, अशी त्याची घडण आहे. मान हलली की मोतीही हलतात. दागिन्याचे खरे सौंदर्य या हालचालीतच आहे.

रशियन राज्यक्रांतीच्या धामधुमीत डचेसच्या महालातील गुप्त तिजोरीतून त्यांचे इंग्रज स्नेही ॲल्बर्ट स्टॉपफर्ड यांनी या टिआरासह जवाहीर काढून देशाबाहेर नेले. त्यांच्या धाडसामुळेच हा टिआरा वाचला. रोमानोव्हांचे कितीतरी दागिने पुढे मोडले गेले. मारिया १९२० मध्ये फ्रान्समध्ये निवर्तल्या. त्यांची कन्या, ग्रीसचे राजपुत्र निकोलस यांच्या पत्नी एलेना यांनी तो १९२१ मध्ये ब्रिटनच्या राणी मेरी यांना विकला. राणी मेरींनी त्याची डागडुजी करवून मोत्यांच्या जागी ‘केंब्रिज’ नावाने ओळखले जाणारे पाचू बसवता येतील अशी सोय केली. १९५३ मध्ये त्यांच्या निधनानंतर तो दुसऱ्या एलिझाबेथ यांच्याकडे आला. त्या तो मोत्यांसह, पाचूंसह, तर कधी नुसत्या वर्तुळांसह घालत.