ग्राफिक्स चिप बदलली, तरी लॅपटॉपला डिस्प्ले येईना? पैसे देण्याआधी हे तपासा

पंखा फिरतो, चार्जिंगचा दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच. नाहीतर स्क्रीनवर उभ्या रेषा, रंगीत ठिपके. दुकानात नेला की उत्तर ठरलेलं, “ग्राफिक चिप गेली, बदलावी लागेल.” चिप बदलली जाते, लॅपटॉप आठ-पंधरा दिवस चालतो आणि पुन्हा तेच. सेकंडहँड लॅपटॉपवर पोराचा अभ्यास किंवा घरचा हिशोब चालत असेल, तर हा दुसरा फटका जास्त लागतो.

खारदांड्यासारख्या ठिकाणी त्यात हवेची भर पडते. अंधेरी तालुक्यातला हा समुद्राला लागून असलेला कोळीवाडा. नावातच खार आहे. खारी, दमट हवा मदरबोर्डवर बसते, तांब्याला हिरवा थर धरतो, पंखा जाम होतो. तीच गोष्ट अलिबाग, मुरुड, दापोली, मालवणकडची. किनारपट्टीच्या लॅपटॉपला डिस्प्ले येत नसेल तर आधी बोर्ड उघडून साफ करून घ्यावा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश एवढंच लागतं. साफसफाई न करता थेट चिपवर बोट ठेवणाऱ्या कारागिराला दोन प्रश्न जास्त विचारलेले बरे.

चिप खरंच गेली आहे का?

घरच्या घरी बरंच कळतं. अंधारात लॅपटॉप चालू करून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. पुसट चित्र दिसलं, तर चिप काम करते आहे. स्क्रीनच्या मागचा उजेड गेला आहे. ते काम बरंच स्वस्तातलं. मग एचडीएमआय वायरने घरच्या टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपवर रेषा, म्हणजे दोष बहुधा स्क्रीनचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलचा. दोन्हीकडे सारख्याच रेषा, तर संशय ग्राफिक्सवर.

रेषा कधी दिसतात तेही बघावं. चालू करताच कंपनीचं नाव येतं त्या वेळेपासून रेषा असतील तर दोष ड्रायव्हरचा नाही, हार्डवेअरचा. विंडोज सुरू झाल्यावरच येत असतील तर आधी ड्रायव्हर पुन्हा टाकून बघावा. विंडोज 10 किंवा 11 चालू असताना मध्येच स्क्रीन काळी झाली, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. डिस्प्ले मुळीच येत नसेल तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसून परत बसवा. हा उपाय हास्यास्पद वाटतो, पण ‘चिप गेली’ म्हणून आलेले कितीतरी लॅपटॉप यावरच चालू होतात.

हीट, रीबॉल आणि बदली

दुकानात तीन वेगवेगळ्या कामांना एकच नाव दिलं जातं, घोळ तिथेच होतो. ‘हीट मारणे’ म्हणजे रीफ्लो: चिप जागेवरच तापवायची. ‘रीबॉलिंग’ म्हणजे चिप काढून खालच्या सोल्डरच्या गोळ्या नव्या लावून तीच चिप परत बसवायची. ‘बदली’ म्हणजे दुसरी चिप. पैसे बदलीचे आणि काम हीटचं, असं होऊ नये म्हणून बिलावर नेमका शब्द लिहून घ्यावा आणि जुनी चिप परत मागावी.

हीट मारल्यावर लॅपटॉप जिवंत का होतो आणि परत का मरतो, याचं उत्तर 2008 सालच्या प्रकरणात सापडतं. त्या वर्षी 2 जुलैला एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलं, की लॅपटॉपमधल्या आपल्या काही ग्राफिक्स चिप पॅकेजिंगच्या कमकुवत मालामुळे बिघडत आहेत, आणि त्यासाठी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील. एचपीचे पॅव्हिलियन डीव्ही 2000, 6000, 9000, डेलचा एक्सपीएस एम 1330, अ‍ॅपलचा 8600 एम जीटी चिपवाला मॅकबुक प्रो, सगळे त्यात सापडले. यातले बरेच लॅपटॉप पुढे वर्षानुवर्षं सेकंडहँड बाजारात फिरत राहिले.

चिपमध्ये सांध्यांचे दोन मजले असतात. वर सिलिकॉनचा चकचकीत तुकडा, तो अगदी बारीक सांध्यांनी हिरव्या पट्टीला जोडलेला. त्या पट्टीच्या खाली मोठ्या गोळ्या, त्या मदरबोर्डला जोडलेल्या. 2008 चा दोष वरच्या मजल्यावरचा होता: तापणं-थंड होणं रोज चालू, त्यात ते बारीक सांधे तडकायचे. उष्णता दिली की तडा तात्पुरता जुळतो. रीबॉलिंगने तर खालचाच मजला नवा होतो, वरची तड तशीच राहते. हीट मारणं हा इलाज नाही. दोष ग्राफिक्सकडे आहे एवढं त्यावरून कळतं. अ‍ॅपललाही 2015 मध्ये, 2011 सालच्या काही मॅकबुक प्रोंसाठी ग्राफिक्सची मोफत दुरुस्ती जाहीर करावी लागली होती. त्या चिप एएमडीच्या होत्या, तेव्हा हा प्रश्न एकाच कंपनीचा नाही.

बदलूनही चालेना तेव्हा

आधी चिपवरचा नंबर बघा, मोबाईलने फोटो काढून मोठा करून. जुन्या आणि नव्या चिपचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा. दिसायला सारख्या चिपमध्ये मेमरीची रुंदी वेगळी असू शकते, आणि मग चिप चांगली असूनही डिस्प्ले येत नाही. एनव्हिडियाच्या चिपवर चार आकड्यांचा तारखेचा कोड असतो: 0824 म्हणजे 2008 चा 24 वा आठवडा. सदोष काळातलीच ‘नवीन’ चिप बसवली तर दुखणंही तेच. नंबर खरवडून पुन्हा छापलेल्या आणि दुसऱ्या बोर्डावरून काढलेल्या चिपही बाजारात मिळतात.

रेषा जशाच्या तशा राहिल्या तर शेजारच्या मेमरीच्या आयसी तपासायला सांगा. दोष तिथला असेल तर चिप कितीदाही बदला. लॅपटॉप चालू होऊन पाच-दहा मिनिटांत बंद पडत असेल तर हीटसिंक चिपला नीट टेकत नसेल. जाड थर्मल पॅड लावल्यानेही असं होतं. चिप बसवतानाच बिघडलेली असू शकते. ओलसर हवेत उघडी पडलेली चिप आतली ओल न सुकवता एकदम तापवली की आतल्या वाफेने फुगते, पावसाळ्यात किनाऱ्यावर तर हे हमखास. म्हणून चांगले कारागीर चिप आधी साधारण 125 अंशावर कित्येक तास सुकवतात. तापमानाचाही हिशोब आहे: शिसं असलेलं सोल्डर 183 अंशाला वितळतं, बिनशिशाचं साधारण 217 ला. हातातल्या हॉट गनने एवढ्या मोठ्या चिपला सारखी उष्णता देणं कठीण, बोर्ड वाकतो आणि एका कोपऱ्यातल्या गोळ्या जोडल्याच जात नाहीत. बीजीए मशीन आहे का, हे आधीच विचारावं.

मल्टिमीटर घेऊन शिकणाऱ्या पोरांसाठी एक सूचना. ग्राफिक्सच्या मुख्य कॉइलवर एक-दोन ओहम किंवा त्याहूनही कमी दाखवलं, की ‘शॉर्ट’ म्हणून मोकळं होऊ नये. मोठ्या चिपचा रोध मुळातच इतका कमी असतो. त्याच मॉडेलच्या चालू बोर्डाशी ताडून बघावं.

डिस्प्ले आला, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड 43’ दिसतो? लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाकून बघा. तरीही राहिला तर दोष पुन्हा चिप-मेमरीकडे. ज्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधलं वेगळं ग्राफिक्सही आहे, तिथे बिघडलेली चिप डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून काम भागवता येतं. गेम चालणार नाहीत; ऑनलाइन फॉर्म, टायपिंग, व्हिडिओ चालतील. त्याच मॉडेलच्या जुन्या लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च सांगत असतील, तर हाच मार्ग शहाणपणाचा.

खारदांड्याहून लोक अशा कामाला लोकलने ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जातात. त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. गाव कुठलंही असो, देताना हार्ड डिस्क काढून घरी ठेवावी. ग्राफिक्स चिप गेल्याने फोटो, कागदपत्रं जात नाहीत, ती डिस्कवर सुरक्षित असतात आणि यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडता येतात. परत घेताना दुकानातच निदान अर्धा तास व्हिडिओ चालवून बघा. बिलावर वॉरंटीचे दिवस आणि चिपचा नंबर हवा. काम फसलं आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना तिथे फी नाही.