अस्वलांच्या मुलखातील रिव्हॉल्व्हर
अलास्काच्या निर्जन रानात तपकिरी अस्वलापासून बचावासाठी रिव्हॉल्व्हर बाळगण्याची रूढी जुनी आहे. एखादे काडतूस उडाले नाही, तरी पुन्हा चाप दाबताच पुढचे नळीसमोर येते, हा त्याचा मोठा गुण. १९५५ मध्ये आलेले .४४ मॅग्नम हे काडतूस तेथे आजही प्रमाण मानले जाते. .३५७ मॅग्नम काळ्या अस्वलापुरते ठीक. थोराड तपकिरी नरापुढे ते तोकडे पडते. २००३ मध्ये .५०० मॅग्नम आले. मात्र त्याचा धक्का इतका जबर, की दुसरी गोळी नेमकी लागणे कठीण. अस्वल ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने धावते. तीस मीटर अंतर तोडण्यास त्याला जेमतेम दोन सेकंद पुरतात. तेव्हा हाताला झेपेल तेच शस्त्र निवडावे आणि ते पाठपिशवीत नव्हे, छातीवर बांधावे. गोळी पसरणारी नको, कठीण शिशाची, खोल शिरणारी हवी.

अर्थात टॉम स्मिथ व स्टीफन हेरेरो यांच्या अलास्कातील अभ्यासांत तिखटाचा फवारा तपकिरी अस्वलांवर ९२ टक्के प्रसंगी (२००८), तर हातातील बंदूक ८४ टक्के प्रसंगी (२०१२) यशस्वी ठरली. शिवाय स्वसंरक्षणार्थ मारलेल्या अस्वलाचे नखांसह कातडे व कवटी सरकारजमा करावी लागते.